चौथीची हजेरी

१४ जानेवारी, बुधवार

मराठी मंडळात तिळगुळ समारंभ होता. मला जायचं नव्हतं, पण शुभदा म्हणाली, "घरात बसून बसून तुला बुरशी येईल, श्री." मग गेलो. झब्बा घातला, गळ्याच्या भोकावर तिनं विणलेला लोकरीचा पट्टा बांधला, खिशात लिहायची पाटी टाकली आणि गेलो.

सत्तावीस माणसांनी माझ्या हातावर तिळगुळ ठेवला. मोजायला वेळच वेळ होता. "तिळगुळ घ्या, गोड..." इथपर्यंत येऊन सत्तावीसच्या सत्तावीस अडखळले. पुढचा शब्द म्हणायची एकाचीही छाती होईना. कुणी खोकलं, कुणी शुभदाकडे बघून कसनुसं हसलं. एक बाई तर म्हणाल्या, "गोड गोड राहा हं." राहा काय? मी मुरांबा आहे का?

चौतीस वर्षं मी दिल्लीतून रेडिओवर मराठी बातम्या दिल्या. "श्रीरंग उकिडवे बातम्या देत आहे" हे ऐकून यांच्या आयांनी कुकर लावले. मागच्या जूनमध्ये डॉक्टरांनी कॅन्सरच्या गाठीबरोबर माझं अख्खं स्वरयंत्र काढलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून घेतो आणि आवाज कुठूनच येत नाही. पण मी मेलेलो नाही, आणि बहिराही झालेलो नाही. तरी निम्मी माणसं माझ्याशी ओरडून बोलतात, जसा काही मी रस्त्याच्या पलीकडे उभा आहे.

एका गृहस्थांनी बाजूला घेऊन विचारलं, "तंबाखू होती का?" पाटीवर लिहिलं, नाही. "मग सिगारेट?" नाही. "सुपारी तरी?" तीही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. मी काहीतरी खाल्लेलं असतं तर त्यांना रात्री बरी झोप लागली असती.

१६ जानेवारी, शुक्रवार

साकेतनं पुण्याहून व्हिडिओ पाठवलाय. सूटबूटवाला कुणी माणूस स्टेजवर फेऱ्या मारत सांगतोय की संकटाचे आभार माना, ते तुम्हाला घडवायला आलंय. त्याच्या कॉलरला माइक लावलेला होता. आधी गळ्याला भोक पाडून ये आणि मग आभार मान, असं साकेतला लिहिलं. त्यावर त्यानं हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. मुलगा आहे, काय बोलणार.

बोलायचं यंत्रही त्यानंच पाठवलंय, टॉर्चएवढं. हनुवटीखाली दाबायचं, बटण धरायचं आणि ओठ हलवायचे. ऑगस्टमध्ये एकदा लावून पाहिलं. मिक्सरमध्ये कुणी माझं नाव दळतंय असं वाटलं. ज्या माणसानं आयुष्यभर नवशिक्या निवेदकांना एका उच्चारासाठी दहा-दहा वेळा वाक्य म्हणायला लावलं, त्यानं हे बोलायचं? यंत्र खणात ठेवलं ते आजतागायत तिथंच आहे.

दुपारी एकला शुभदाचा फोन आला. रोजच येतो. तिच्या केंद्रीय मंत्रालयात जेवणाची सुट्टी झाली की ती बाहेरच्या हिरवळीवर उन्हात बसते आणि मला फोन लावते. मी उचलायचा आणि फोनवर बोटानं दोनदा टकटक करायचं, म्हणजे सगळं ठीक. मग ती दहा मिनिटं बोलते. आज कुणी डब्यात मेथीचे पराठे आणले, कुणाची बदली झाली, उन्हात डुलकी कशी येते. दोन वर्षांनी रिटायर होईल, पण पोरकटपणा जात नाही. मी गोळी घेतली का हे तपासायला फोन करते, हे काय मला कळत नाही? तसं सरळ विचारावं.

आणि हल्ली किती बोलते ही बाई. आधी अशी नव्हती. घरात मी बोलायचो, ती हं हं करायची.

२० जानेवारी, मंगळवार

शिवांगीनं हॉस्पिटलमध्ये बोलावलं होतं. ही तिथली स्पीच थेरपिस्ट, बनारसची, वय तिशीच्या आत. सप्टेंबरपासून मी तिच्याकडे जाणं बंद केलं, तरी दर आठवड्याला मेसेज करते. या वेळी म्हणाली, "अंकल, एक मराठी पेशंट हैं, ऑपरेशन से डर रही हैं. आप मिल लीजिए, बस दस मिनट."

पेशंटचं नाव नीरजा धारप. एकोणपन्नास वर्षांच्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत बावीस वर्षं शिक्षिका, चौथीला शिकवतात. राहतात गाझियाबादला. बरोबर नवरा होता, विक्रांत, कुठल्याशा आयटी कंपनीतला. सारखा घड्याळाकडे बघत होता. बाईंचा आवाज आताच पार बसलेला आहे. गाठ मोठी आहे, माझ्यासारखंच सगळं काढावं लागणार. अठरा फेब्रुवारीची तारीख दिली आहे आणि त्याच्यापुढे ढकललं तर गाठ पसरेल, असं डॉक्टरांनी बजावलंय.

मी जय्यत तयारीनं गेलो होतो. आदल्या दिवशीच दोन पानं लिहून ठेवली होती, धीराची, मुद्देसूद, सुवाच्य अक्षरात. शुभदानं ती वाचून दाखवली. ऑपरेशननंतर काय काय खाता येतं, अंघोळीला काय काळजी घ्यायची, तेही तिनंच सांगितलं. मी माना डोलावल्या.

निघताना बाईंनी डब्यातून तिळगुळ काढला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तिळगुळ घ्या, गोड बोला." पूर्ण वाक्य म्हणाल्या. आणि वाट बघत थांबल्या. काय उद्धटपणा हा. मी पाटीवर लिहिलं, "तिळगुळ घेतो. बोलण्याचं तेवढं माफ करा." चांगला विनोद होता, पण त्या हसल्या नाहीत. शुभदाला विचारलं, "हे मशीन वापरत नाहीत का?" शुभदा म्हणाली, "त्याला तो आवाज आवडत नाही." बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

एकंदरीत भेट उत्तम झाली.

२७ जानेवारी, मंगळवार

त्या बाईंनी ऑपरेशनला नकार दिला.

शिवांगीचा मेसेज वाचून मी खुर्चीतून उठलोच. शिकलीसवरलेली बाई, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना अक्कल शिकवते आणि स्वतः हे करते? कुठल्यातरी वैद्याचा काढा घेणार म्हणे. नवऱ्यानं जरा खडसवायचं तर तोही "तिचा डिसीजन आहे, यार" म्हणून मोकळा. डिसीजन कसला, तीन महिन्यांत श्वास कोंडेल. विक्रांतला मी दीड पानी मेसेज लिहिला. शुभदा म्हणाली, पाठवू नकोस. पाठवला. त्याचं अजून उत्तर नाही.

माझी दोन पानं फुकट गेली.

२८ जानेवारी, बुधवार

आज स्वतः जाऊन शिवांगीला गाठलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "क्यों?" ती आधी टाळत होती. मी पाटी तिच्या नाकासमोरून हटवली नाही तेव्हा बोलली.

"अंकल, बुरा मत मानिएगा. उन्होंने कहा, जो आदमी जिंदगीभर रेडियो पर बोला, वो सात महीने में एक शब्द नहीं बोलता. तो मैं चालीस मिनट की क्लास क्या लूँगी? मुकी होऊन जगण्यापेक्षा, ऐसा कुछ बोलीं मराठी में."

मुकी होऊन जगण्यापेक्षा काय, ते तिला कळलं नव्हतं. मला कळलं.

मेट्रोत बसायला जागा होती, तरी आमच्या आयएनए स्टेशनपर्यंत उभाच राहिलो. माझा काय संबंध? मी कुणाला सांगितलं होतं माझ्याकडे बघून ठरवा म्हणून? मला काय नमुना म्हणून ठेवलंय? मीही एक आजारी माणूस आहे. मला बोलायचं नाही, तर तो माझा प्रश्न आहे. असं सगळं मनात म्हणत घरी आलो. शुभदाला काही सांगितलं नाही. तिनं दोनदा विचारलं, शिवांगी काय म्हणाली? पाटीवर लिहिलं, "काही नाही."

ती बाई मेली तर तिच्या वर्गातल्या पोरांना काय सांगतील कोण जाणे. झोप येत नाहीये.

३० जानेवारी, शुक्रवार

यंत्र खणातून काढलं.

शुभदा ऑफिसला गेल्यावर दारं-खिडक्या लावून घेतल्या. सातव्या मजल्यावर राहतो, पण लक्ष्मीबाई नगरच्या या नव्या टॉवरमध्ये भिंती पातळ आहेत. शेजारी ओडिशाचे डेप्युटी सेक्रेटरी राहतात. त्यांना वाटेल उकिडव्यांकडे पाण्याची मोटर बसवली.

"नमस्कार" म्हटलं. नमस्काराचा न नाही, स नाही, काहीच नाही, नुसती घरघर. चाळीस वेळा म्हटलं. एकेचाळिसाव्या वेळी यंत्र सोफ्यावर फेकलं. मग शरम वाटली, उचललं, पुसलं. शुभदाच्या कानावर हे पडता कामा नये. तिनं माझा खरा आवाज तेहेतीस वर्षं ऐकलाय. नीट जमेल तेव्हाच ऐकवीन, नाहीतर कधीच नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

रोज तीन तास. वर्तमानपत्र समोर धरून अग्रलेख वाचतो. मान ताठ, यंत्र एकाच जागी, शब्द तोडून, ओठ दुप्पट हलवून. सगळं ती बनारसची पोरगी सप्टेंबरमध्ये सांगत होती आणि मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. आज तिला मेसेज करून मुकाट्यानं वेळ मागितली. तिनं उलट एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

यंत्राची बॅटरी मात्र दमदार निघाली. इतके दिवस झाले, एकदाही चार्ज करावी लागली नाही. शुभदा आपली कसली कसली चार्जरं फ्रिजमागच्या सॉकेटला लावून ठेवते, आज वायरीत पाय अडकून पडता पडता वाचलो. सांगितलं तर म्हणाली, "बरं बाबा, उद्यापासून दुसरीकडे लावते." हल्ली संध्याकाळी तासभर फिरायलाही जायला लागली आहे, या थंडीत. आणि दारातून परत येताना घंटी वाजवते. किल्ली असताना.

९ फेब्रुवारी, सोमवार

शिवांगीनं नीरजा बाईंना पुन्हा भेटायला बोलावलं, त्यांनी नकार दिला. फोन उचलत नाहीत. अठरा तारीख नऊ दिवसांवर आली. हॉस्पिटलनं ती तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, तीही शिवांगीनं हातापाया पडून धरून ठेवली आहे.

ठीक आहे. त्या येत नाहीत, तर मी जातो. शाळा काय पळून जात नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

नवी दिल्ली स्टेशनला उतरलो. पहाडगंजच्या बाजूला ई-रिक्षावाल्याला पाटी दाखवली तर त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून बोंब मारली, "कहाँ जाना है?" मी यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि म्हटलं, "बहरा नहीं हूँ." तो चार पावलं मागे गेला. मग गुपचूप शाळेच्या फाटकाशी सोडलं. घराबाहेर मी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही हिंदी. असो.

शिक्षकांच्या खोलीत बाई वह्या तपासत होत्या. मला बघून उठल्यासुद्धा नाहीत. मी यंत्र लावलं. "मी श्रीरंग उकिडवे. त्या दिवशी न बोलता गेलो. चुकलो."

त्यांच्या हातातलं लाल पेन थांबलं. माझ्या गळ्याकडे बघितलं. मग त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हे घरात चालेल. माझ्या वर्गात नाही चालणार. मुलं हसतील."

"हसू देत."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला? तुम्ही माइकसमोर बसायचात. तुमच्यासमोर कोण होतं? काच होती. माझ्यासमोर एकतीस पोरं असतात."

मला असा संताप आला. चौतीस वर्षं काचेसमोर बसलो, हे तर खरंच होतं, म्हणून जास्त आला. म्हटलं, "न्या मला वर्गात."

त्या उठल्या. रागानंच उठल्या. हजेरीचं पुस्तक माझ्या हातात कोंबलं आणि पुढे चालू लागल्या.

वर्गात जाऊन त्यांनी फळ्याकडे पाठ केली आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. माझी ओळखसुद्धा करून दिली नाही. मी टेबलावर पुस्तक उघडलं, यंत्र लावलं आणि पहिलं नाव घेतलं. अख्खा वर्ग फुटला. हसणं म्हणजे काय, बाकं वाजवून हसले. एकानं गळ्याला पेन लावून माझी नक्कल केली आणि ती चांगली केली. माझे कान गरम झाले. बाई कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या. बघा, मी सांगितलं नव्हतं?

मी थांबलो. बातम्यांच्या आधी सेकंदकाटा बारावर यायची वाट बघतात, तसा थांबलो. खोली शांत झाल्यावर तेच नाव पुन्हा घेतलं. "हजर," कुणीतरी म्हणालं. दुसरं नाव. तिसरं. पाचव्या नावाला पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, तो जिराग नाही, चिराग आहे."

मला. उच्चार. नऊ वर्षांची मुलगी.

"तुझं नाव?"

"मृणाल."

"मी च म्हणतो, मृणाल, पण हे यंत्र त्याचा ज करतं. तू ऐकताना च ऐक." तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "चालेल. पण तुम्ही अजून एकदा म्हणा." म्हटलं. जोर लावून, ओठ ताणून. "आता थोडा च आला," ती म्हणाली आणि खाली बसली.

बाराव्या-तेराव्या नावापासून कुणी हसेना. ते आपापल्या नावाची वाट बघत होते. आपलं नाव या आवाजात कसं येतं ते ऐकायला मान पुढे काढून बसले होते. ज्यानं माझी नक्कल केली होती तो सुधन्वा नावाचा निघाला. त्याचं नाव मला धड म्हणता येईना, तर तोच म्हणाला, "मीच तो सर, हजर." एकतिसावं नाव झालं. दोन मुलं आली नव्हती. पुस्तक मिटलं.

तेव्हा बाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "असं नाही. माझ्या वर्गात जो आला नाही तो का आला नाही, हे विचारल्याशिवाय पुस्तक मिटत नाहीत."

मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि विचारलं. एकाला ताप होता, एकीच्या मावशीचं लग्न.

फाटकापर्यंत बाई सोडायला आल्या. वाटेत विचारलं, "हे जमायला किती दिवस लागतात?"

खोटं सांगता आलं असतं. "अकरा दिवस," मी म्हटलं. "त्याआधी सात महिने रुसलो होतो."

तेव्हा हसल्या. हसताना खोकल्या. "बातम्यांच्या वेळी मला तुमचा राग यायचा," म्हणाल्या. "इतकं शुद्ध कुणी बोलतं का, असं वाटायचं. आज बरे वाटलात."

हा काय प्रशंसेचा प्रकार आहे? तरी घरी येईपर्यंत चेहरा सरळ राहिना.

एकचा फोन मेट्रोत आला. बोगद्यात होतो, टकटक तिला ऐकू गेली की नाही माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नीरजा बाई दाखल होणार. अठरालाच. शिवांगीनं आनंदानं सहा मेसेज पाठवले आणि सातव्यात, हळूच, अजून दोन पेशंट आहेत अंकल, एक नांदेडचे, एक इथलेच. म्हणजे आता हा उद्योग मागे लागला. मी होकार अजून कळवलेला नाही. नांदेडकरांना भेटायचं झालं तर सोमवारी सकाळी जमेल.

आणि ही पोरगी बाईंना सांगत होती, यंत्र रोज रात्री आठवणीनं चार्ज करा, नाहीतर दुपारी बंद पडतं. उगाच घाबरवून ठेवतात. माझं एकदाही बंद पडलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

साडेसातला आत नेलं. विक्रांत स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होता, त्याचं घड्याळ आज हातात नव्हतं. बाईंच्या हातात आहे, काढून दिलं म्हणाला. बिचाऱ्याला मी दीड पान लिहिलं होतं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता हिचा हा आवाज शेवटचा, काहीतरी मोठं बोलेल. मी तयारीनं कान जवळ नेला. म्हणाल्या, "एक एप्रिलला शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं. तोवर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, मला यंत्रावर बोलायला शिकवायला. उशीर चालणार नाही." मी मान हलवली. "मान नको," म्हणाल्या. मग यंत्र लावून म्हटलं, "येईन." दार बंद झालं.

पाच तास बाकावर बसलो. विक्रांतनं दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा दोघांचेही चहा गार झाले. पावणेएकला डॉक्टर बाहेर आले. नीट झालं. गाठ सगळी निघाली. विक्रांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बरोबर एकला शुभदाचा फोन.

"श्री? झालं का रे? नीट झालं ना?" मागे हिरवळीवरच्या बायकांचा कलकलाट होता. माझं बोट टकटक करायला फोनवर गेलंसुद्धा. मग वाटलं, ही बातमी आहे. बातमी टकटक करून देतात का? पण आवाज अजून मनासारखा बसला नव्हता, स तर अजिबात नाही. तिला असा ऐकवायचा नाही, हे ठरलेलं होतं. दुसऱ्या हातानं यंत्र लावलं.

"शुभदा," मी म्हटलं. "ऑपरेशन झालं. नीट झालं. बाई बऱ्या आहेत."

पलीकडून काहीच नाही. दिवसभर बोलणारी बाई आणि नेमकं आज नेटवर्क गेलं. मी वैतागून फोन बघितला, तर सेकंद पुढे सरकत होते, फोन चालू होता. कलकलाटही ऐकू येत होता. म्हणून पुन्हा एकदा, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं.

मग तिनं फोनवर बोट वाजवलं. दोनदा.